उपकरण, मूर्च्छा आणि परिमाण : कलावंताच्या संगणकाविषयी एक विचार

चित्रपटाचे संकलन, ॲनिमेशन, ग्रंथसजावट किंवा ध्वनिमिश्रण यांसारखे काम ज्या संगणकावर चालते, त्याची रॅम म्हणजे कार्यकारी स्मृती आणि त्याचा प्रोसेसर म्हणजे गणन करणारा मुख्य घटक केव्हा व किती वाढवावा, हा प्रश्न सामान्यतः किमतीचा आणि वेगाचा मानला जातो. परंतु माणसाने आपल्याजवळ किती ठेवावे याचा अत्यंत सूक्ष्म विचार ज्या जैन परंपरेने केला, तिच्या दृष्टीने पाहिले असता तो आधी आचारधर्माचा प्रश्न ठरतो. साधनावाचून कलावंताचे काम होत नाही, आणि साधन हाती आले की त्याहून समर्थ साधनाची इच्छाही सोबत येते. अशा स्थितीत साधनाची क्षमता वाढविणे हा परिग्रह, म्हणजे संग्रहाचा दोष, केव्हा होतो आणि केव्हा होत नाही, हे ठरविण्याची कसोटी कोणती, हा येथील विचाराचा विषय आहे. ही कसोटी जैन आचारशास्त्रात पूर्वीपासून तयार आहे, आणि संगणकशास्त्राने आपल्या वाटेने शोधून काढलेली मापे तिला लावली असता ती अधिक काटेकोर होते, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

अपरिग्रह हे साधूचे पाचवे महाव्रत होय, आणि तरीही साधूजवळ काही वस्तू असतातच; या विसंगतीचा उलगडा करताना दिगंबर आणि श्वेतांबर आचार्यांमध्ये दीर्घ वाद झाला. दिगंबर परंपरा वस्त्रालाही परिग्रह मानते, पण जीवरक्षणासाठी मोरपिसांची पिच्छी, शुद्धीसाठी कमंडलू आणि ज्ञानासाठी शास्त्र ही तीन उपकरणे मुनीला मान्य करते. श्वेतांबर परंपरा वस्त्र, पात्र, रजोहरण इत्यादी अधिक वस्तूंना उपकरण म्हणते, आणि संयमाच्या पालनासाठी ठेवलेल्या वस्तू परिग्रह नव्हेत, त्यांच्याविषयीची आसक्ती हाच परिग्रह होय, असा निर्वाळा तिच्या दशवैकालिक सूत्राने दिला आहे. वस्तूंच्या यादीविषयी असा मतभेद असला तरी उमास्वातींचे तत्त्वार्थसूत्र दोन्ही परंपरांना मान्य आहे, आणि त्याने परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून न करता मूर्च्छेवरून केली आहे. मूर्च्छा म्हणजे ‘हे माझे’ या भावात चित्त गुरफटून विवेक हरपण्याची अवस्था. म्हणून एखादी वस्तू उपकरण आहे की परिग्रह, हे तिच्या आकारावरून किंवा मोलावरून ठरत नाही. ती कोणत्या प्रयोजनासाठी ठेवली आहे आणि ते प्रयोजन संपल्यावर ती सुटते की नाही, यावरून ते ठरते.

उपकरण बदलावे केव्हा, या प्रश्नाचे उत्तर देणारा एक जिवंत आचार कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांना परिचित आहे. चातुर्मास संपल्यानंतर दिगंबर मुनींचा पिच्छी-परिवर्तनाचा समारंभ होतो, त्यात वर्षभर वापरलेली पिच्छी सोडून नवी स्वीकारली जाते आणि जुनी पिच्छी व्रतनियम घेणाऱ्या श्रावकाकडे, म्हणजे गृहस्थ उपासकाकडे, जाते. या बदलाचे कारण नव्याची हौस हे नाही: वापराने मोरपिसांचा मऊपणा जातो, आणि ज्या पिच्छीने सूक्ष्म जीवांना इजा न होता जागा झाडून घ्यायची, तीच त्यांना इजा करू लागते. उपकरण आपले प्रयोजन साधेनासे झाले, हा बदलाचा एकमेव आधार होय. नव्या उपकरणाचा परिमाणाशी, म्हणजे ठरलेल्या मर्यादेशी, मेळ असतो, आणि जुन्याची व्यवस्था बदलाच्या क्षणीच लागलेली असते. प्रयोजनाची क्षती, नव्याचे परिमाण आणि जुन्याची गती या तीन गोष्टी ज्या परिवर्तनात ठरलेल्या आहेत, त्या परिवर्तनाला परिग्रह म्हणता येत नाही, हे तत्त्व या आचारातून निघते आणि पुढील विवेचनाचा तोच पाया आहे.

मात्र संगणकावर काम करणारा कलावंत बहुधा गृहस्थ असतो आणि गृहस्थासाठी जैन धर्माने अपरिग्रहाचे महाव्रत सांगितलेले नाही. त्याच्यासाठी परिग्रह-परिमाण नावाचे अणुव्रत आहे, म्हणजे संग्रहाची मर्यादा स्वतः ठरवून ती पाळण्याचे छोटे व्रत. उपासकदशांग या आगमग्रंथात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा येते. महावीरांसमोर व्रते घेताना त्याने चार कोटी सुवर्णमुद्रा ठेवीत, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरसंसारात, दहा-दहा हजार गाईंचे चार कळप, पाचशे नांगर आणि त्यांच्या मानाने जमीन, अशी आपली मर्यादा मोजून सांगितली. या आकड्यांनी आजचा वाचक चकित होतो, आणि एवढ्या संपत्तीला मर्यादा कशी म्हणावी असा आक्षेपही घेतो. तो आक्षेप व्रताचे स्वरूप लक्षात न घेतल्यामुळे येतो. हे व्रत दारिद्र्याचे नाही. जे मोजले नव्हते ते मोजणे, आणि मोजल्यानंतर इच्छेला तिथे थांबविणे, हे त्याचे सार आहे, आणि म्हणूनच या व्रताला इच्छा-परिमाण असेही म्हटले जाते. ज्या कलावंताच्या कामाला खरोखर १२८ गीगाबाइट रॅम लागते, त्याला ८ गीगाबाइटमध्ये भागवण्याचा उपदेश हे व्रत करीत नाही. त्याला किती लागते हे त्याने मोजले आहे काय, एवढेच ते विचारते.

हे मोजणे शक्य आहे काय, या ठिकाणी संगणकशास्त्राची साक्ष महत्त्वाची ठरते. पीटर डेनिंग या संगणकशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये कार्यसंचाची कल्पना मांडली. चालू असलेला कोणताही प्रोग्राम एखाद्या कालखंडात आपल्या सर्व माहितीला स्पर्श करीत नाही, त्या कालखंडात तो जेवढ्या माहितीकडे वारंवार वळतो तेवढा तिचा भाग म्हणजे त्याचा कार्यसंच. हा संच रॅममध्ये मावत असेल तर काम सुरळीत चालते. मावत नसेल तर संगणक काही माहिती डिस्कवर टाकतो, लगेच ती परत आणतो, दुसरी टाकतो, आणि अखेरीस प्रत्यक्ष कामापेक्षा या ने-आणीतच त्याचा बहुतेक वेळ जातो, ज्याला त्या शास्त्रात थ्रॅशिंग म्हणतात. रॅममधून माहिती मिळण्यास साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात, तर वेगवान एसएसडीलाही त्याच्या काही शेकडा पट वेळ लागतो, म्हणून संचाला रॅम किंचित अपुरी पडली तरी कलावंताला यंत्र एकाएकी गोठल्यासारखे वाटते. याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची असूनही तिच्याकडे क्वचित लक्ष दिले जाते: कार्यसंच एकदा मावला की त्यापुढे वाढविलेली रॅम त्या कामाला जवळजवळ काहीच देत नाही. म्हणजे गरजेला एक निश्चित किनार आहे, आणि ती किनार इच्छेने सरकत नाही.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. ॲडोबीच्या आफ्टर इफेक्ट्स या प्रोग्राममध्ये चलच्चित्रावर परिणाम चढविताना पूर्वदृश्याच्या चौकटी न दाबता रॅममध्ये ठेवल्या जातात. ३८४० गुणिले २१६० बिंदूंच्या एका चौकटीत सुमारे ८३ लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदूला तीन रंगांचे आणि एक पारदर्शकतेचे मूल्य असल्याने, ८ बिट खोलीवर एक चौकट सुमारे ३३ मेगाबाइट, १६ बिटवर ६६ आणि ३२ बिटवर १३३ मेगाबाइट जागा घेते. सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने दहा सेकंदांच्या २४० चौकटींना अनुक्रमे सुमारे ८, १६ आणि ३२ गीगाबाइट लागतात. ऑपरेटिंग सिस्टिम, स्वतः प्रोग्राम आणि सोबत उघडी असलेली इतर कामे यांचा भाग त्यात मिळविला की, एकच दृश्य रंगविणाऱ्या दोन कलावंतांपैकी एकाला ३२ गीगाबाइट पुरेसे का होतात आणि दुसऱ्याला ६४ का अपुरे पडतात, हे केवळ गणिताने समजते. हा हिशेब करण्यास अर्धा तास पुरतो, आणि काम ऐन भरात असताना विंडोजमधील टास्क मॅनेजर किंवा मॅकवरील ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडून त्याचा पडताळाही घेता येतो. व्रतासाठी लागणारे परिमाण इतक्या नेमकेपणाने यंत्र स्वतः सांगत असताना ते न विचारणे, ही मूर्च्छेची पहिली खूण मानावी लागते.

प्रोसेसरची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण त्याची किनार एकदम येत नाही, ती हळूहळू जवळ येते. २००५ च्या सुमारास प्रोसेसरचा मूळ वेग पूर्वीच्या गतीने वाढेनासा झाला, तेव्हापासून उत्पादकांनी एकाच प्रोसेसरमध्ये अनेक कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे गणन करणारे गाभे, बसविण्याचा मार्ग धरला. परंतु संगणकशास्त्रज्ञ जीन आमडाल यांनी १९६७ मध्येच दाखवून दिले होते की कामाचा जो भाग क्रमानेच करावा लागतो, तो एकूण लाभाला मर्यादा घालतो. एखाद्या कामाचा ८० टक्के भाग वाटून करता येत असेल आणि २० टक्के येत नसेल, तर ८ कोअरवर ते काम सुमारे ३.३ पट, १६ वर ४ पट आणि ६४ वर सुमारे ४.७ पट वेगाने होते, आणि कोअर कितीही वाढविले तरी ५ पटींची मर्यादा ओलांडली जात नाही. आठावरून चौसष्टावर जाताना संग्रह आठपट होतो, पण फळ दीडपटही वाढत नाही. त्रिमितीय दृश्याच्या अंतिम रेंडरिंगमध्ये वाटून करता येणारा भाग फार मोठा असल्याने तिथे अधिक कोअर सार्थकी लागतात. उलट ध्वनीच्या एकाच मार्गावर एकापुढे एक जोडलेल्या प्रक्रिया क्रमानेच चालतात, म्हणून ध्वनिमिश्रकाला बहुधा थोड्या पण वेगवान कोअरचा उपयोग अधिक होतो. ‘सर्जनशील कामासाठीचा संगणक’ असा एकच प्रकार गृहीत धरून दिलेला कोणताही सल्ला याच कारणाने निरुपयोगी ठरतो.

फळ थांबते पण इच्छा थांबत नाही, ही गोष्ट उत्तराध्ययन सूत्राच्या आठव्या अध्ययनाशी जोडलेल्या कपिल ब्राह्मणाच्या कथेइतकी स्पष्ट क्वचितच कुठे सांगितली गेली असेल. दोन मासे सोन्यासाठी निघालेला कपिल राजासमोर येतो. राजा हवे ते माग म्हणतो. काय मागावे याचा विचार करण्यासाठी तो उपवनात बसतो, आणि तिथे बसल्या बसल्या त्याची मागणी शंभर, हजार, लाख अशी कोटीपर्यंत चढत जाते, आणि कोटीवरही समाधान नाही हे ध्यानात येताच तो विरक्त होतो. या कथेत राजा कृपण नाही आणि कपिल दुष्टही नाही. गरज ठरविण्याचे काम मागणीच्या वेळेपर्यंत लांबणीवर पडले, एवढीच त्यातील चूक आहे, कारण मागणीच्या वेळी मनासमोर गरज नसते, समोर ठेवलेले पर्याय असतात. संगणकाच्या खरेदीत प्रत्येक पायरीवर थोडे अधिक पैसे भरून पुढची पायरी गाठता येते, आणि कपिलाच्या उपवनातली अवस्था तिथे रोज पुन्हा घडते.

परिमाण ठरविल्यानंतरही ते चुकविण्याच्या वाटा असतात, आणि जैन आचार्यांनी त्या अतिचार, म्हणजे व्रताचे आंशिक उल्लंघन, या सदराखाली नोंदविल्या आहेत. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकातील योगशास्त्रात जोडण्याने होणारा अतिचार सांगितला आहे: घरांची संख्या मर्यादेत राहावी म्हणून शेजारचे घर घेऊन मधली भिंत पाडून टाकणे, म्हणजे मोजणीत घर एकच राहते आणि संग्रह मात्र दुप्पट होतो. संगणकाच्या बाबतीत हा इशारा शब्दशः लागू पडतो, कारण मदरबोर्डावरील स्लॉट दोनच राहतात आणि त्यांतील १६ गीगाबाइटच्या पट्ट्या काढून ४८ च्या बसविल्या की बाहेरून काहीच वाढलेले दिसत नाही. म्हणून मर्यादा वस्तूंच्या संख्येत न ठेवता क्षमतेत आणि कामात ठेवली पाहिजे. उलट्या बाजूनेही संख्या फसविते. प्रोसेसर बनविणाऱ्या एएमडीने २०२२ मध्ये आणलेल्या रायझन ७००० मालिकेसाठी दोन पट्ट्या असताना रॅमचा अधिकृत वेग सेकंदाला ५२०० मेगाट्रान्सफर आणि चार पट्ट्या असताना ३६०० ठरविलेला आहे. रिकामे स्लॉट भरल्याने यंत्र मंद होऊ शकते. अशा संगणकात पुढे ६४ गीगाबाइट लागणार हे हिशेबाने दिसत असेल, तर आज १६ च्या दोन पट्ट्या घेऊन उद्या आणखी दोन जोडण्यापेक्षा आरंभीच ३२ च्या दोन घेणे, हा निर्णय वेगाच्या आणि संयमाच्या दोन्ही दृष्टींनी अधिक शुद्ध होय.

तत्त्वार्थसूत्रात अनर्थदंडविरती, म्हणजे निष्प्रयोजन हिंसेपासून दूर राहण्याचे व्रत, सांगताना असमीक्ष्याधिकरण हा एक अतिचार दिलेला आहे. प्रयोजनाचा विचार न करता प्रमाणाबाहेर काही करणे, असा त्याचा अर्थ टीकाकारांनी केला आहे. पोट भरण्यासाठी शेतकऱ्याला जमीन नांगरावी लागते, आणि त्यात होणारी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही. पण जी हिंसा कोणत्याही कामासाठी नव्हती, ती टाळता येण्यासारखी असूनही घडते, म्हणून तिचा वेगळा विचार केला आहे. प्रोसेसरच्या प्रत्येक तुकड्यामागे खाणकाम, रसायने, पाणी आणि वीज आहे, आणि पृथ्वीला सजीव मानणाऱ्या परंपरेने पंधरा वर्ज्य व्यवसायांत भूमी फोडण्याच्या कर्माचा समावेश केला आहे, हे येथे आठवावे लागते. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्क्यांचे रीतसर संकलन व पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. कामाला लागणारा प्रोसेसर घेणाऱ्याकडे या हिंसेचे एक समर्थन तरी असते. न लागणारा घेणाऱ्याकडे तेही नसते.

या सर्व विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. आनंद श्रावकाची मर्यादा त्याच्या हाती असलेल्या संपत्तीवर बेतलेली होती, आणि कलावंताचे काम मात्र वाढत जाते. आज पोस्टर करणारा उद्या लघुपट करील, तेव्हा आजच्या मोजमापाने बांधून घेणे म्हणजे कलेची वाढ थांबविणे नव्हे काय? या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याचे उत्तर यंत्राच्या रचनेवर अवलंबून आहे. जे यंत्र टप्प्याटप्प्याने वाढविता येते, त्यात परिमाणही टप्प्याटप्प्याने ठरविता येते. ॲपलच्या २०१९ च्या मॅक प्रोमध्ये रॅमचे बारा स्लॉट होते आणि ८ पासून २८ कोअरपर्यंतचे प्रोसेसर उपलब्ध होते; त्यातही कमाल स्मृती प्रोसेसरवर अवलंबून होती, म्हणजे १६ कोअरपर्यंत ७६८ गीगाबाइट आणि त्याच्या पुढच्या प्रोसेसरांवर १.५ टेराबाइट, ज्यामुळे रॅम आणि प्रोसेसर यांचा विचार एकत्रच करावा लागत असे. २०२३ मध्ये त्याच नावाचे जे यंत्र आले, त्यात २४ कोअरचा एम२ अल्ट्रा प्रोसेसर आणि त्याच्याशी कायमची जोडलेली, जास्तीत जास्त १९२ गीगाबाइट स्मृती आहे, आणि रॅमचा एकही स्लॉट नाही. या रचनेने स्मृती आणि प्रोसेसर यांच्यातील देवाणघेवाण अतिशय वेगवान होते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु खरेदीच्या एका क्षणी पुढील सहा-सात वर्षांचे परिमाण ठरविण्यास ती माणसाला भाग पाडते, आणि तो निर्णय मोजमापापेक्षा भीतीने घेतला जाण्याचा संभव फार असतो. न उघडणारे यंत्र अधर्म्य आहे असे म्हणता येत नाही, पण व्रतस्थ गृहस्थासाठी ज्याचा एक भाग बदलून उरलेला भाग जपता येतो ते यंत्र श्रेयस्कर आहे, असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. एएमडीचा एएम४ हा सॉकेट, म्हणजे मदरबोर्डावरील प्रोसेसरचे आसन, २०१७ च्या पहिल्या रायझनपासून २०२२ च्या ५८००एक्स३डीपर्यंत टिकला. अनेकांना त्यात जुना मदरबोर्ड, डबा आणि वीजपुरवठा तसाच ठेवून केवळ प्रोसेसर बदलता आला, आणि पिच्छी-परिवर्तनातून निघालेल्या तत्त्वाच्या इतके जवळ जाणारे उदाहरण या उद्योगात दुसरे सहज सापडत नाही.

न उघडणारे यंत्र ज्याला घ्यावेच लागते, त्याने आजच्या कामाचा कार्यसंच मोजून, हाती घेतलेल्या किंवा निश्चित ठरलेल्या पुढच्या कामाचा हिशेब त्यात मिळवावा आणि तिथे थांबावे. केवळ कल्पनेत असलेल्या कामासाठी स्मृती विकत घेऊ नये, कारण त्या कामाला अद्याप प्रयोजनच जन्मलेले नाही. काम खरोखर वाढले तर परिमाण पुन्हा ठरविण्यात गृहस्थाचा दोष नाही, मात्र ते वाढलेल्या कामाच्या आधाराने आणि विचारपूर्वक झाले पाहिजे, बाजारात आलेल्या नव्या मालिकेमुळे नव्हे. काढलेली पट्टी किंवा प्रोसेसर पुन्हा कधी लागेल म्हणून खणात पडून राहणे, अथवा परत घेण्याच्या बोलीवर मित्राकडे ठेवणे, हा संग्रह मोजणीतून लपविण्याचाच प्रकार होय. म्हणून संगणक-कलावंताने खरेदीला निघण्यापूर्वी कोणते काम अडते आहे, त्याला किती स्मृती व किती कोअर लागतात, ही मर्यादा किती वर्षांसाठी आहे आणि निघालेला भाग कोणाला द्यायचा, या चार गोष्टी कागदावर लिहून त्यावर तारीख घालावी, आणि त्यांतील एकीचे जरी उत्तर लिहिता आले नाही तरी त्या वर्षी संगणकात काहीही वाढवू नये.